अकरा वेळा खोडलेली ओळ

ठकू: वाजलं तुझं मशीन. तीनदा वाजलं. आता तरी काहीतरी बोल, वहिनी. मघापासून नुसती त्या लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत बसलीयेस.

वहिनी: कपडे वाळत घालते आधी. ओले राहिले की वास मारतात.

ठकू: कपडे कुठे पळून जात नाहीत. चार वाजता डॉक्टरबाईंचं ते कार्ड छापायला जाणार. बस खाली.

वहिनी: तू वाच ना, मी ऐकते. हात चालू असले की मला नीट ऐकू येतं.

ठकू: काय वाचू? तुझ्या वेबसाइटची पाच पानं आहेत, पाचही तूच लिहिलीयेस. मी फक्त बांधली. सहा आठवडे झाले, वहिनी! फरशीवाल्याची साइट मी दोन दिवसांत काढली. एक फोन केला त्याने. म्हणाला, फरशा दिसू देत, माझं थोबाड नको. विषय संपला.

वहिनी: फरशीत आणि माणसात फरक असतो.

ठकू: असतो ना. फरशी रंग बदलायला सांगत नाही. तू आकाशी म्हणालीस, आकाशी केला. मग म्हणालीस, गार वाटतो. मातकट केला, तर म्हणे कुंड्यांचं दुकान वाटतंय.

वहिनी: वाटत होतंच की.

ठकू: मग फोटो. पहिल्यात फार हसतेयस. दुसऱ्यात घरातलं कोणीतरी गेल्यासारखी दिसतेस. तिसरा दादाने काढला, त्यात त्याचा अंगठा आला. बायकोचा एक फोटो धड काढता येत नाही माझ्या भावाला.

वहिनी: तसा अंगठ्याचाच त्यातल्या त्यात बरा होता.

ठकू: हसू नकोस. मी चिडलेय.

वहिनी: चिडलेली दिसतेयस खरी. नेमकं कशाने चिडलीस असं वाटतं तुला?

ठकू: ए! हे माझ्यावर वापरायचं नाही. घरच्या माणसांवर थेरपी करायची नाही, ठरलंय आपलं.

वहिनी: बरं बाई. सवय जाता जात नाही.

ठकू: डॉक्टरबाईंचा निरोप परत वाचून दाखवते, कान इकडे दे. "तुमची साइट सुरू झाली का? आमच्याकडून बाळ घेऊन घरी जाणाऱ्या प्रत्येकीला हे कार्ड मिळतं. एका बाजूला लसीच्या तारखा, दुसऱ्या बाजूला मदतीचे पत्ते. चारपर्यंत साइटचा पत्ता आला तर तुमचं नाव घालते. नाहीतर पुढची छपाई एकदम वर्षाने." वर्षाने, वहिनी. आणि त्या बाईंनी आपणहून विचारलं. तू काही त्यांच्या दारात उभी राहिली नव्हतीस.

वहिनी: त्यांनी विचारलं, "बाळंतपणानंतरच्या बायका हा तुमचा विषय आहे ना?" मी हो म्हणून बसले.

ठकू: आहेच की. नऊ वर्षं त्या समुपदेशनाच्या संस्थेत काय केलंस मग? लोकांची मनं सांभाळलीस की फायली?

वहिनी: तिथे वर संस्थेची पाटी होती गं. माझं नाव आतल्या दारावर, तेही एवढंसं. लोक संस्थेत यायचे, त्यांच्या वाट्याला मी यायचे. इथे मीच. एवढं मोठं नाव, त्याच्याखाली तोंड, आणि तोंडाखाली 'भेटीची वेळ ठरवा'. छातीत धडधडतं बघून.

ठकू: नोकरी सोडताना नाही धडधडलं?

वहिनी: नाही. सोडणं सोपं होतं. कामासाठी खोली घेतली तेव्हाही नाही. दोन खुर्च्या आणल्या, समोरच्याच्या पाठीमागे येईल असं घड्याळ लावलं, किल्ली आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरतेय. खोली कोणाला दिसत नाही ना. माऊ झोपली का गं?

ठकू: झोपते कसली! आतल्या खोलीत बाहुल्यांची शाळा भरवलीये तिने. सगळ्यांना नापास करणं चाललंय. विषय बदलू नकोस. किती वाजले बघ.

वहिनी: तीन दहा.

ठकू: एक विचारू? खरं सांगशील?

वहिनी: विचार.

ठकू: साइटवर मागचं सगळं दिसतं मला. कोणी कधी काय बदललं, दिवस-वेळेसकट. मुद्दाम नाही बघितलं, आईशप्पथ. तुला तो आकाशी रंग परत हवा होता म्हणून मागे मागे गेले. 'मी कशात मदत करू शकते' असं पान आहे ना, त्यात तू एक ओळ लिहितेस आणि खोडतेस. लिहितेस आणि खोडतेस. सहा आठवड्यांत अकरा वेळा.

वहिनी: या चादरीचं टोक धर जरा.

ठकू: धरते. मंगळवारी दुपारी दोन पाचला लिहिलीस. माऊची शाळा अडीचला सुटते, दोन अठ्ठावीसला खोडलीस. का?

वहिनी: शब्द बसत नव्हते नीट.

ठकू: शब्द अकराही वेळा तेच आहेत. स्वल्पविरामसुद्धा जागचा हललेला नाही.

वहिनी: झटक ना जोरात. सुरकुत्या तशाच राहतात मग.

ठकू: आत्ता त्या पानावर बाळंतपणाचं अवाक्षर नाही. कार्ड बघून एखादी येणार, साइट उघडणार, आणि तिला दिसणार काय? 'ताणतणाव, नातेसंबंध, आत्मविश्वास.' एवढं तर शाम्पूच्या बाटलीवरही लिहिलेलं असतं!

वहिनी: वाच.

ठकू: काय?

वहिनी: ती ओळ. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलीच नाहीये मी.

ठकू: थांब, काढते. हं. "बाळ रडायला लागलं की ते ऐकू येऊ नये म्हणून बाथरूममध्ये नळ सोडून बसून राहणं, बाळाला जवळ घ्यावंसं न वाटणं, आणि यातलं कोणालाही न सांगणं." ... चांगली आहे की. म्हणजे चांगली कसली, पण पुस्तकी नाही. कोणा पेशंटबाईची आहे का? तसं असेल तर मात्र नको हं. ती वाचेल तर ओळखेल स्वतःला.

वहिनी: पेशंटची नाही.

ठकू: मग?

वहिनी: चिमटे दे.

ठकू: घे. मग कोणाची? मनाने नाही कोणी असं लिहीत. नळ सोडून...

वहिनी: दोन पुरेत.

ठकू: थांब. थांब, वहिनी. त्या जुन्या घरात. बादली भरून वाहायची, पाणी पार पॅसेजमध्ये यायचं. माझं कॉलेज नुकतंच संपलेलं. मी दार वाजवायचे.

वहिनी: हो.

ठकू: काय म्हणायचे मी?

वहिनी: सोड ना आता.

ठकू: काय म्हणायचे?

वहिनी: "टाकी रिकामी होईल, बाकीच्यांनाही आंघोळी आहेत."

ठकू: अजून काहीतरी म्हणायचे मी. आठवतंय मला.

वहिनी: "राणीसाहेबांचं स्नान आटोपलं का?"

ठकू: अगं आई गं.

वहिनी: विशीतली पोर होतीस तू.

ठकू: म्हणून काय झालं! रोज म्हणायचे. जेवायला बसलो की दादासमोर नक्कल करायचे तुझी, आणि सगळे हसायचे. आई हसायची, दादा हसायचा, तूही हसायचीस! आणि तू आत... आत काय करायचीस?

वहिनी: स्टुलावर बसायचे. पाय गार पडायचे. भिंतीवरच्या फरशा मोजायचे. एकशे बारा होत्या. दुसऱ्या दिवशी परत मोजायच्या, कमी-जास्त झाल्यात का बघायला.

ठकू: आम्हाला सांगितलं होतं, अशक्तपणा आहे म्हणून.

वहिनी: मलाही तेच सांगितलं होतं. रक्ताच्या गोळ्या घेत होते की.

ठकू: पण तुला कळायला हवं होतं ना? तू तर तेव्हा संस्थेत होतीस. म्हणजे सुट्टीवर होतीस, पण शिकलेली होतीस. लोकांना तूच सांगायचीस हे सगळं.

वहिनी: हां. आता बरोबर बोललीस.

ठकू: नाही, मला तसं नव्हतं म्हणायचं...

वहिनी: तसंच म्हण. खरं आहे ते. दहा लक्षणं असतात, तोंडपाठ होती मला. एके दिवशी कागद घेऊन बसलेसुद्धा. भूक लागते का? लागत होती. झोप? घरात दीड महिन्याची माऊ असताना कोणाला असते झोप? सारखं रडू येतं का? मला येतच नव्हतं. म्हटलं, दहातली दोन जुळतात, म्हणजे आपल्याला नाहीये ते. स्वतःच पेपर लिहिला, स्वतःच तपासला, पास झाले, आणि उठून परत बाथरूममध्ये गेले. त्या दहांत नळ नव्हता ना, ठकू.

ठकू: बस तू. दे ते कपडे, मी घालते.

वहिनी: नको, बसले की जास्त होतं. आता सांग, जिला आपल्या घरातलं ओळखता आलं नाही, तिने कुठल्या तोंडाने पाटी लावायची? या, मी ओळखते, मी मदत करते! त्या डॉक्टरबाई कार्डावर माझं नाव घालणार. त्या पोरी विश्वासाने येणार. धडधडतं ते त्याचं. रंगाचं नव्हतं काही.

ठकू: मग नको टाकूस.

वहिनी: काय?

ठकू: ती ओळ नको टाकूस. मी नाही टाकणार. शाम्पू तर शाम्पू, 'ताणतणाव' ठीक आहे. हवं तर कार्डही राहू दे. होईल पुढच्या वर्षी.

वहिनी: आत्ता दहा मिनिटांपूर्वी माझ्या मानगुटीवर बसली होतीस.

ठकू: तेव्हा मला माहीत नव्हतं! अगं, माऊ वाचायला लागलीये. दुकानांच्या पाट्या वाचते, औषधाच्या बाटल्या वाचते, काल माझे मेसेज वाचत होती. उद्या आईचं नाव टाकून बघेल. बघतातच पोरं. तिला हे सापडायला हवंय का? आणि ते सोड. आई वाचेल, दादा वाचेल. नळ म्हटला की सगळ्या घराला कळेल कोण ते. आपल्या घरातलं असं चव्हाट्यावर...

वहिनी: तुझं 'राणीसाहेब' नाही लिहिलेलं त्यात.

ठकू: मला दिसेल ना पण! ती ओळ वाचली की मला तेच ऐकू येणार. आत्ताही येतंय.

वहिनी: रडू नकोस गं. चादरीला नाक पुसू नकोस, धुतलेली आहे.

ठकू: तू हसतेयस?

वहिनी: तुला एक सांगते. कोणाला नाही सांगितलेलं, तुझ्या दादालाही नाही. तेव्हा मी फोनवर शोधायचे, आत बसून. काय शोधायचं तेच कळायचं नाही. एकदा सरळ लिहिलं, 'बाळ रडल्यावर नळ सोडून बसते'. काय आलं असेल?

ठकू: काय?

वहिनी: प्लंबर.

ठकू: ... प्लंबर?

वहिनी: एकाखाली एक नऊ प्लंबर. गळक्या नळासाठी त्वरित सेवा. बोट कुठे लागलं कोण जाणे, एकाचा लगेच फोन आला. "मॅडम, नळ कुठला, ओट्याचा की बाथरूमचा?" मी आपलं खरं सांगितलं, बाथरूमचा. "गळतो का?" म्हटलं, नाही. "मग बंद होत नाही का?" म्हटलं, होतो, मी करत नाही.

ठकू: अगं!

वहिनी: मग तो इतका हळू बोलला, म्हणाला, "मॅडम, मग माझा काही उपयोग नाही तुम्हाला. पण दुसऱ्या कोणाला तरी बोलवा." आणि ठेवला फोन.

ठकू: हसू का रडू कळत नाहीये मला.

वहिनी: मी हसले होते. कित्येक दिवसांनी पहिल्यांदा. नंतर आठ दिवसांनी संस्थेतल्या आमच्या मोठ्या बाई बाळ बघायला आल्या, आणि बाळाकडे न बघता माझ्याकडेच बघत बसल्या. तिथून सुरू झालं बरं होणं. नाहीतर अजून किती मोजल्या असत्या फरशा, देव जाणे. पण माझ्या मनात तो फोनच राहिलाय. दुसऱ्या कोणाला तरी. कोणाला? मला त्या दिवशी नऊ प्लंबर दिसले. एखादं पान दिसलं असतं, दहा लक्षणांचं नव्हे गं, साधं, कोणीतरी नळाचं लिहिलेलं, आणि खाली एका बाईचा नंबर...

ठकू: लावला असतास?

वहिनी: त्या दिवशी नसता लावला. पण नंबर आहे, हे कळलं असतं.

ठकू: म्हणजे तुला ओळखता आलं नाही, म्हणूनच ती ओळ तुला लिहिता आली.

वहिनी: असं नको म्हणूस. असं म्हटलं की फार गोड होतं. मला नाही ओळखता आलं, ते नाहीच आलं. ते राहणार. पण आज कोणीतरी पोर आत बसून हेच शोधत असेल, आणि तिला प्लंबर दिसतायत. माझी धडधड जाईपर्यंत तिने थांबायचं का?

ठकू: तीन पस्तीस.

वहिनी: दादाशी मी बोलेन. आईंशीही बोलेन. तुझं काय?

ठकू: माझं काय असायचंय. मला लाज वाटेल, तर वाटेल. तू पाच-सहा वर्षं काढलीस, मी एक ओळ नाही सोसणार?

वहिनी: सरक मग. दे इकडे.

ठकू: मी घालते ना ओळ.

वहिनी: नको. अकरा वेळा मीच घातली होती.

ठकू: हात पूस आधी, ओला आहे. हं. अगदी वर घाल, 'ताणतणाव'च्याही वर. शाम्पू खाली. झालं? आता हे बटण.

वहिनी: हे?

ठकू: ते. वहिनी, बटण दाबायचं असतं. गोंजारायचं नसतं.

वहिनी: दाबलं.

ठकू: नाही दाबलंस.

वहिनी: दाबते गं. ओरडू नकोस... हं.

ठकू: गेलं.

वहिनी: गेलं म्हणजे? आवाज वगैरे नाही आला काही.

ठकू: काय बँड वाजणार होता? डॉक्टरबाईंना पत्ता पाठवते. पाठवला. तीन अडतीस. ... उभा अंगठा पाठवला बघ त्यांनी.

वहिनी: एवढंच?

ठकू: एवढंच. परत उठलीस कशाला?

वहिनी: मोजे राहिलेत. कोणी बघितलं का गं?

ठकू: दोन मिनिटं झालीत, वहिनी.

वहिनी: तरी बघ ना.

ठकू: हो, एकाने बघितलंय.

वहिनी: कोणी?

ठकू: मी.

वहिनी: मार खाशील. रंग मात्र आकाशीच बरा होता, नाही?

ठकू: रंगाचं नाव काढलंस तर मी आत जाऊन बाहुल्यांच्या शाळेत बसेन.

(माऊ दारात येते.)

माऊ: आत्या, तुझी जागा नाहीये शाळेत. सगळ्यांना घरी सोडलं मी. आई, हे तुझं नाव आहे! मोठ्ठं!

वहिनी: हो. माझं काम आहे ना, त्याची पाटी आहे ती.

माऊ: सरक, मला वाचायचंय. 'मी क-शा-त मदत करू शकते.' बघ, आलं मला!

ठकू: वहिनी, पान बदलू का?

वहिनी: माऊ, दूध प्यायचं राहिलंय तुझं.

माऊ: नंतर. 'बाळ र-डा-य-ला लागलं की ते...' मध्ये नको बोलूस, माझी ओळ चुकते. 'ऐकू येऊ नये म्हणून बा-थ-रू-म-मध्ये...'

ठकू: बदलते मी.

वहिनी: राहू दे. वाचू दे तिला.

माऊ: '...नळ सो-डू-न बसून राहणं.' कोण बसतं?

वहिनी: एखादी आई.

माऊ: पाणी वाया जातं ना पण. तिला कोणी ओरडलं नाही?

ठकू: ओरडलं. एक मूर्ख मुलगी होती, ती ओरडली.

माऊ: मग तिने बंद केला?

वहिनी: लगेच नाही. थोड्या दिवसांनी केला. तिला बरं नव्हतं. तिला ते रडणं सोसवत नव्हतं. अशी कोणी असली, की ती माझ्याकडे येईल. मी तिच्याशी बोलेन.

माऊ: एकटी येईल?

वहिनी: एकटी, नाहीतर कोणाला घेऊन.

माऊ: आई...

वहिनी: काय गं?

माऊ: ती आत नळापाशी बसते ना, तेवढा वेळ बाळ काय करतं?